मोजमाप

टेपचं एक टोक भूपाल मगदूमांच्या अंगठ्याखाली,
दुसरं घेऊन मी मागं मागं सरकतोय, दारापर्यंत.
चाळीस फूट सहा इंच.
‘सात लिहा की,’ ते म्हणतात,
‘इंचभर गिलावा ह्याच पावसाळ्यात गेलाय.’

शुक्रवार पेठ. खाली तालीम, वर वाचनालय.
फॉर्मात रकाना एकच : इमारतीचा वापर.
मी पेन्सिल कानावर ठेवतो.

जोतं काळ्या पाषाणाचं, अडीच फूट.
त्यावर वीट, विटेवर चुना,
चुन्यात गूळ.
ज्याच्याकडं वर्गणीचे दोन आणे नव्हते
त्यानं ढेप आणून टाकली.
पूर्वेच्या भिंतीला अजून मुंग्या येतात,
रांगेनं, नव्वद वर्षांनी,
ऐकीव माहितीवर.

जिना आतला, तालमीतून वर जाणारा.
म्हणजे वाचायला निघालेल्या माणसानं
ताक-तेल-हळद मुरलेल्या तांबड्या मातीच्या कडेकडेनं,
लंगोटावरच्या पंधरा-वीस पैलवानांतून वाट काढायची.
पुरुषांचं ठीक होतं.
सुगंधा पोवारांनी अर्ज केला, एकावन्न साली :
आम्हांस वाचता येते.
आम्हांस वर येता येत नाही.
तरी विचार व्हावा.
विचार आठ महिने चालला.
मग उद्यमनगरातल्या ओतशाळेतून
मागच्या बोळात उतरणारा हा गोल लोखंडी जिना आला.
आई चपला हातात घेऊन चढायची, लोखंड वाजतं म्हणून,
आणि मी तिच्या मागून, मुद्दाम वाजवत.
पायऱ्या सतरा.
‘अठरा,’ भूपालअण्णा म्हणतात,
‘खालची डांबरात गेली.’

तालमीच्या भिंतीवर गेरूच्या रेघा :
एकोणनव्वद, पाच, एकोणीस, एकवीस.
एकोणीसची माझ्या डोक्याच्या वर.
त्या आठवड्यात पंचगंगेनं हौद्यातली माती नेली
आणि पैलवान वर येऊन राहिले, पुस्तकांत.
खालच्या फळ्यांवरचं सगळं त्यांनी माळ्यावर चढवलं,
विषयवार नाही, वजनवार.
तोच क्रम अजून चालू आहे.
हिंदुराव बोंद्रेनं तीन दिवसांत एक कादंबरी वाचून काढली,
शेवटची दोन पानं नव्हती.
अजूनही अधूनमधून जिन्यातून विचारतो,
‘घावली काय ओ?’

एक गोष्ट मला लहानपणी कधी कळली नव्हती.
खाली कुणी चीत झाला की वरची जमीन दणकते,
कपातला चहा थरथरतो,
पण कपाटांच्या काचा वाजत नाहीत.
आज उंची घ्यायला गुडघ्यावर बसलो, तेव्हा दिसलं :
प्रत्येक पायाखाली कातड्याची गादी,
चार पदरी, कडेनं शिवण,
पायताणाच्या तळाला असते तशी.
भूपालअण्णांनी वर्गणीची जुनी वही काढली,
बोट फिरवत फिरवत थांबले.
दौलू सातपुते. रोख : निरंक.
माल : गाद्या, नग अठ्ठेचाळीस.
सभासद क्रमांक : कोरा.
शेरा : माप बाहेरून सांगितले. आत आला नाही.

म्हणजे कपाट न बघता,
पायांची जाडी दुसऱ्याच्या तोंडून ऐकून,
त्यानं दाभण चालवली.
कुठल्या दारात उभा होता? वही सांगत नाही.
पाव इंचाचा फरक नाही कुठं, मी बाराही कपाटं बघितली.

आम्ही दोघं थोडा वेळ काही बोललो नाही.
खाली शड्डू ठोकल्याचा आवाज, मग एक अंग पडल्याचा.
काचा गप्प.

संध्याकाळपर्यंत फॉर्म द्यायचा आहे.
कौलं, तुळया, गज, सगळं लिहून झालं,
कातड्याला रकाना नाही.
समासात लिहिलं, अठ्ठेचाळीस नग, सुस्थितीत.
नावही लिहिलं.
मग वर गेलो, पहिल्या ओळीवर,
आणि सहा खोडून सात केलं.